भट्टीचा ताप

त्या दिवशी दुपारी मोहालीत कर्फ्यू लागला. तू कारखान्यात होतास. भट्टी चालू होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

काल तुझा भोग झाला, जसबीर. आमच्याकडे तेरावा असतो तसा. पाठाची समाप्ती झाली, अरदासची प्रार्थना झाली, मग सगळे लंगरला बसले. माझ्या मागच्या ओळीत दोन गृहस्थ होते, तुझ्याच इंडस्ट्रियल एरियातले असावेत. एक म्हणाला, "शेड सील हो गई है जी. सफेद पाउडर निकला है, ड्रम के ड्रम." दुसरा म्हणाला, "दखनी सरदार था. इतनी दूर से यहाँ आया किसलिए, ये भी तो सोचो." मग त्याने वाढणाऱ्याला हात करून आणखी खीर मागून घेतली.

मला किळस आली. मी ग्रंथपाल माणूस, शब्द जपून वापरतो. पण इथे दुसरा शब्द सापडत नाही. दुःख आहेच. ते बाजूला ठेवलं आहे. त्याला हात लावायला गेलो की आधी ही किळसच हाताला लागते.

पंजाबात रोज कुठेतरी बॉम्ब फुटतोय, म्हणून पोलिसांना संशय आहे की तू कर्फ्यूत दार लावून स्फोटकं बनवत होतास आणि त्यातच गेलास. पावडरीची तपासणी होईपर्यंत शेडला लाखेचं सील आहे. गुरमीतभाभी दूध आणायला निघाल्या की गल्लीतल्या बायका बोलता बोलता गप्प होतात. तुझं जाणं कमी होतं म्हणून की काय, आता तुझं नावही जायच्या वाटेवर आहे. म्हणून हे लिहायला बसलो. तुलाच सांगतोय, कारण मी काही चुकीचं बोललो की तू मध्येच तोडायचास. तुला सांगताना माझ्या हातून उगाच काही लिहिलं जाणार नाही.

मराठीतच लिहितोय. आपण भांडलो ते सगळं मराठीत. नांदेडच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. तू गुरुद्वाऱ्यामागच्या गल्लीतला, मी घाटाकडचा. पुढे तू प्लास्टिकचं इंजिनिअरिंग शिकायला गेलास आणि मी ग्रंथालयशास्त्राकडे वळलो. सेक्टर ३९मधल्या सरकारी संशोधन संस्थेत मला नोकरी लागली, तेव्हा तू इकडेच आहेस हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. सतरा सेक्टरातल्या पुस्तकांच्या दुकानात मागून आवाज आला, "पंत, इथं काय करायलास बे?" वळून पाहतो तर निळी पगडी, करडी होत चाललेली दाढी आणि तोंडात नांदेड. शाळेत मला पंत म्हणणारा तू एकटाच होतास.

इथले लोक तुझ्या पंजाबीला हसायचे. "ह्यांच्यात मी मद्रासी अन् तुमच्यात सरदार," तू म्हणायचास. "दोन्हीकडून जेवायला बोलवतेत. वाईट काय त्यात?"

आधी त्या पांढऱ्या पावडरीबद्दल. दिसायला मैदा, आणि बोटांत धरली तर साबणासारखी निसटते. नॉनस्टिक तव्यावर जो थर असतो त्याच जातीचं हे प्लास्टिक. ते आम्लाला दाद देत नाही, विजेला वाट देत नाही, आणि त्याला काही म्हणजे काही चिकटत नाही. काडी लावली तरी पेटत नाही. स्फोटक म्हणे!

मोहालीच्या वाटेवरच्या नाक्यावर आपली गाडी अडवली होती, आठवतं? वाळूच्या पोत्यांमागून एक हवालदार बंदूक खांद्यावर टाकत आला आणि त्याने ड्रमचं झाकण उघडायला लावलं.

"ओए, ये क्या है?"

"पाउडर है जी. प्लास्टिक का. तवे पे लगाओ तो रोटी नहीं चिपकती."

"झूठ."

"घर में पूछ लेना, नया तवा लिया हो तो."

त्याने चिमूटभर घेऊन बोटांत चोळली. तुझ्याकडे पाहिलं, पुन्हा चोळली. "हमारे यहाँ तो रोटी भी चिपकती है, सास भी," असं म्हणून त्याने स्वतःच झाकण बसवलं. गाडी पुढे गेल्यावर तू मला म्हणालास, "बघ, ज्याच्या घरी भाकरी करपती त्याला समजावून सांगावं लागत नाही."

तो हवालदार कुठल्या नाक्यावर असेल आता? त्याला शोधून ठाण्यात न्यावं असं मनात येतं. मी गेलो होतो ठाण्यात, एकटाच. आमच्या ग्रंथालयातल्या दोन जाड पुस्तकांमध्ये खुणेचे कागद घालून ती नेली, ही पावडर कशाची, तिचं काय होतं, काय होत नाही. ठाणेदारांनी पुस्तकं उघडली नाहीत. "आप मराठे हो? तो इस चक्कर में क्यों पड़ते हो?" एवढंच विचारलं. आणि चहा मागवला. तो चहा मी प्यायलो, कारण न पिण्याचं धाडस झालं नाही. त्याची चव अजून जिभेवर आहे.

तुझा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. तिच्यात पावडर दाबायचा प्रेस, विजेची भट्टी आणि यमुनानगरहून उचललेलं जुनं लेथ. प्लायवूडवाले त्यावर पॉप्लरचे ओंडके फिरवून लाकडाचा पापुद्रा काढायचे. तू त्याचं पातं बदललंस, चाकं बदललीस आणि त्यावर पांढरे ठोकळे सोलायला लागलास. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती थट्टा वाटली होती.

ठोकळा करायची तुझी रीत मला पाठ झाली होती. पावडर गार हवी, नाहीतर गोळे होतात. म्हणून मे महिन्यात त्या खोलीत बर्फाच्या लाद्या आणि गोणपाटं. मग प्रेसमध्ये दाबून खडूसारखा ठोकळा. तो थोडा विसावू द्यायचा, आतली हवा निघून जाऊ द्यायची. मग भट्टी. आणि भट्टीला दिवस लागत. तापवणं हळू, निववणं त्याहून हळू. "तापवायला घाई केली तर आतून कच्चा, निववायला घाई केली तर तडा," तू सांगायचास. चालू भट्टी सोडून तू सेक्टरातल्या लग्नाला आला नाहीस, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आला नाहीस. गुरमीतभाभी म्हणायच्या, ही माझी सवत आहे, आणि माझ्यापेक्षा गरम डोक्याची.

ठोकळा लेथवर चढला की शेडमध्ये बोलायची बंदी. पहिले काही फेरे कचरा निघायचा. मग पात्याखालून अखंड पापुद्रा यायचा, दुधावरची साय कुणी कडेपासून उचलत न्यावी तसा. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर पुस्तक उघडून बसायचो आणि एक ओळ वाचायचो नाही. त्या फिल्मची एक पट्टी तू मला पुस्तकात खूण म्हणून दिली होतीस. इतकी निरुपयोगी खूण मी आयुष्यात पाहिली नाही. कुठल्याही पुस्तकात घाला, पुस्तक उचललं की सरळ जमिनीवर. तू पोट धरून हसला होतास. "म्हटलं नव्हतं का, ह्याला काहीच चिकटत नाही? तुझी अक्षरं बी नाही."

गुंडाळी झाली की तिची परीक्षा. फिल्म एका तारांच्या ब्रशखालून सरकवायची, ब्रशमध्ये जबरदस्त वीज. डोळ्याला न दिसणारं छिद्र असलं की तिथे चट् करून ठिणगी. ते पिनहोल. एक चट् झालं की तू तेवढी पट्टी कापून टाकायचास. तुझा माल तारांवर गुंडाळायला जायचा, पिशव्यांची तोंडं बंद करणाऱ्या यंत्रांवर जायचा, रसायनांच्या पंपात जायचा. कुठेही गेला तरी दिसायचा नाही. "माझा माल दिसला की समजायचं काहीतरी बिघडलंय," तू म्हणायचास.

आणि भट्टीचा ताप. हा शब्द तुझ्याकडूनच ऐकला. ही पावडर पेटत नाही, पण भट्टी हद्दीबाहेर तापली तर तिचा धूर होतो. धूर सुटला, किंवा बोटाला पावडर असताना कुणी बिडी ओढली, की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, छाती आवळते, अंग मोडून येतं. सकाळी उठावं तर माणूस खडखडीत. शेडमध्ये बिडीला बंदी होती ती त्यामुळेच. तुला स्वतःला हा ताप दोन-चारदा येऊन गेला होता. सर्दीपडशाच्या सुरात तू त्याच्याबद्दल बोलायचास. इथेच सगळं चुकलं, पण ते पुढे येईल.

आता भाव. आपलं खरं भांडण भावाचंच.

अकोल्याच्या डॉक्टर वैशाली, शहरातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, जुनी नियतकालिकं शोधायला माझ्याकडे यायच्या. एकदा आमच्या घरी चहाला तुम्ही दोघंही होतात. रक्तात ऑक्सिजन किती उरलाय हे मोजणारं त्यांचं यंत्र पुन्हा झाकून ठेवलं होतं. त्याच्या टोकाशी नखाएवढी एक पातळ चकती असते, तिच्यातून ऑक्सिजन आत जातो, रक्त जात नाही. चकती फाटली की यंत्र आंधळं. नवी चकती परदेशातून येणार, कस्टममध्ये अडकणार. "गोळी लागून आलेला माणूस समोर असतो," त्या म्हणाल्या, "आणि आम्ही त्याचे ओठ बघून ठरवतो, निळे आहेत की नाहीत. दादा, लाज वाटते हो."

"फाटकी चकती तरी दाखवा की, डॉक्टर," तू म्हणालास.

पुढच्या खेपेला त्यांनी ती पाकिटातून आणून दिली. तू खिडकीशी जाऊन उजेडात धरलीस आणि मोठ्यांदा म्हणालास, "अरे, ही तर साय!"

इतकी पातळ साय काढायला तुझा एक हिवाळा गेला. ठोकळ्याच्या मधल्या भागातूनच ती मिळायची, बाकीचा ठोकळा जाड मालात. सोनाराकडून छोटा ठसा करून आणलास आणि चकत्या कापल्यास. डॉक्टरांनी लावून पाहिल्या. ऑक्सिजनचं प्रमाण माहीत असलेला वायू यंत्रात सोडला आणि यंत्राने बरोबर आकडा सांगितला. त्या संध्याकाळी तू माझ्या दारात मिठाईचा डबा घेऊन उभा होतास, आणि मला वाटलं भाभींना काही आनंदाची बातमी आहे.

मग आपण इस्पितळाच्या भांडार अधिकाऱ्यांकडे गेलो. साहेबांनी भाव विचारला. तू किलोचा भाव सांगितलास.

"इतना? पॉलिथीन तो कौड़ियों में आती है. प्लास्टिक ही तो है जी."

"जी, दूध भी सफेद है, चूना भी."

साहेब हसले नाहीत. मग म्हणाले की पातळ मालाला जास्त भाव कसा, पातळ आहे म्हणजे कच्चा माल कमी लागला, स्वस्त पडायला हवा. तू लेथ समजावलंस, मधला भाग समजावलास, चट् समजावलंस. ते कॅलेंडरकडे बघत होते. शेवटी तू म्हणालास की तुम्हाला किलोने घ्यायचंच नाही, चकतीने घ्या. आणि चकतीचा भाव सांगितलास. एक कप चहा.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "चाय का दाम? फिर तो नकली होगी."

परदेशी चकत्यांच्या एका पाकिटात माझा महिन्याचा पगार गेला असता, आणि ते पाकीट ते डोळे मिटून मागवत होते, कारण त्याच्याबरोबर चकचकीत डबी आणि चार भाषांतलं पत्रक यायचं. एकाच टेबलावर, एकाच माणसासाठी, तुझा माल किलोने लूट होता आणि नगाने लबाडी. तुझ्या चकत्यांचं पाकीट त्यांनी "सर्टिफिकेट आने तक" म्हणून कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

बाहेर स्कूटरपाशी आपण भांडलो. मी म्हणालो, "चकतीचा भाव वाढव. भरपूर वाढव. डबी कर, इंग्रजी पत्रक मी लिहून देतो. मुकाट घेतील."

"खोटा भाव सांगू?"

"खोटा कामून? तुझे दिवस, तुझं डोकं, फेकून दिलेला माल..."

"ते धरलंय की बे. समदं धरूनच एवढा होतोय."

"अरे, त्यांना स्वस्ताईचा संशय येतो."

"मग त्यांचा संशय मी कामून विकत घेऊ? पंत, उद्या दुसरा कुणी हाच माल काढील. माझा भाव बघून तो बी तेवढाच लावील. मग स्वस्त कोण देणार, तुझी संस्था?"

मी चिडून म्हणालो, "तुझ्या खरेपणानं कुणाचा ऑक्सिजन मोजला जात नाही." तू किक मारलीस. सर्टिफिकेट आणतो, एवढंच माझ्या दारात उतरवताना म्हणालास. जसबीर, हे भांडण मी मिटवलेलं नाही. मला अजूनही वाटतं की तू चुकलास. समोरचा माणूस डबीला पैसे मोजत असेल तर त्याला डबी द्यावी. तू असतास तर यावर काय म्हणाला असतास तेही मला माहीत आहे. भांडण तिथेच उभं आहे, स्कूटर स्टँडवर.

कर्फ्यूच्या दिवशी भट्टीत होता तो ठोकळा सर्टिफिकेटसाठीचाच होता. नवी पावडर, जुन्याचा कण नाही. तिच्यासाठी भाभींच्या सोन्याच्या बांगड्या विकल्या गेल्या होत्या, हे मला भोगाच्या दिवशी कळलं.

दुपारी कारखान्यातून तुझा फोन आला. "पंत, कर्फ्यू लागला. पोरांना घरी लावून दिलं. मी इथंच."

"बंद कर आणि निघ की. अजून ढील असेल."

"भट्टी अर्ध्यात हाय. आता बंद केली तर गेला ठोकळा." मग हसून, "गस्तवाले येऊन गेले. म्हणले फॅक्टरी बंद, आत कुणी दिसलं तर उचलू. म्हणून एक्झॉस्टचा पंखा बंद केलाय. लई खडखडतोय, गल्लीभर ऐकू जातो."

"खिडकी तरी उघड."

"हाव. मागची उघडली एक."

पुढचं तू मला सकाळी इस्पितळाच्या वाटेवर, दूधवाल्याच्या टेम्पोत सांगितलंस, तुकड्यातुकड्यांनी. भट्टीचा आकडा धरून ठेवणारा खटका अडकला. काटा हद्दीच्या पुढे गेला. पंखा बंद, शेडमध्ये तो उग्र वास. कुणीही मेन स्विच पाडून बाहेर पळालं असतं. तुझ्या कामगारांना तू पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतंस, वास आला की पळा, माल गेला खड्ड्यात. तू पळाला नाहीस. भट्टीपुढे स्टूल टाकून बसलास आणि हाताने स्विच पाड, उचल, पाड, उचल करत काटा हळूहळू खाली आणलास. निववायला घाई केली तर तडा. पंखा तरीही लावला नाहीस, कारण बाहेर गस्त होती.

आणि मग संध्याकाळी तुला थंडी वाजली. तू पुन्हा फोन केलास. आवाज बसलेला होता. "थोडा भट्टीचा ताप आलाय. चहा पिऊन पडतो. सकाळी उतरतोय तो." मी विचारलं की कुणाला बोलवू का. "कर्फ्यूत कोण येतंय बे? अन् भट्टीच्या तापाला डॉक्टर? हसतील मला." घरी भाभींनाही तू हेच सांगितलंस.

डॉक्टर वैशालींनी नंतर मला समजावलं. जास्त तापलेल्या मालाचा धूर वेगळा असतो. सुरुवात त्याच तापासारखी होते, माणसाला वाटतं ओळखीचाच पाहुणा. मग फुप्फुसात पाणी भरत जातं. दुसऱ्या कुणाला असा ताप आला असता तर तो घाबरला असता. तू घाबरला नाहीस, कारण तुला तो माहीत होता.

सकाळी कर्फ्यूत थोडी ढील मिळाल्यावर भाभी आणि मी दूधवाल्याच्या टेम्पोतून आलो. तू शेडच्या दाराशी पाठ टेकून बसला होतास. भट्टी बंद झाली होती, तिचं दार लावलेलं होतं. पहिलं वाक्य तू काय बोललास? "उघडू नका तिला. गार होऊ द्या." आम्ही तुला उचलत होतो आणि तू त्या ठोकळ्याचं बोलत होतास. भाभी पंजाबीत ओरडल्या, तुझ्यावर आणि भट्टीवर एकाच शिवीत.

इस्पितळात यंत्र झाकलेलं होतं. चकत्या कस्टममध्ये. डॉक्टर वैशाली धावत भांडाराकडे गेल्या. कपाटाची किल्ली साहेबांकडे, साहेब आलेले नव्हते, आणि कपाट फोडायचं तर कुणाची सही हवी हे कारकून त्यांना नियम सांगत समजावत राहिला. त्या परत आल्या. आपल्या टेबलाच्या खणातून त्यांनी चाचणीतली उरलेली एक चकती काढली आणि यंत्रावर बसवली. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, त्याच्या आत तुझा श्वास शिट्टीसारखा. त्या वाकून तुला म्हणाल्या, "सरदारजी, तुमचीच फिल्म लावली."

तू मुखवटा बाजूला सारलास. "पिनहोल नाही ना?"

"नाही."

तू मान हलवलीस. माल पास झाल्यावर हलवायचास, तशीच. यंत्राने आकडा सांगितला. आकडा खरा होता, आणि वाईट होता. मी नंतर डॉक्टरांना विचारलं, आधी कळलं असतं तर? त्या प्रामाणिक बाई आहेत. म्हणाल्या, "आकड्यानं काही बदललं नसतं, दादा. रात्रीच आला असता तर कदाचित."

म्हणजे कपाटाच्या किल्लीने तुला मारलं नाही. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण तू मला तिथे नक्की तोडलं असतंस. तरी किळस कमी होत नाही. तुझा एका कप चहाचा भाव ज्यांना खोटा वाटला त्यांच्या कपाटात तुझ्या चकत्या कुलूपबंद होत्या, आणि तू पलीकडच्या खोलीत श्वास ओढत होतास.

आणि आपली माणसं. गेल्या आठवड्यात एका मराठी घरी पूजेला गेलो होतो. वर्षानुवर्षं इथे असलेले, सुशिक्षित, चांगल्या हुद्द्यांवरचे लोक. तू त्यांच्या गणपतीच्या मांडवाला दर वर्षी तारा, दिवे लावून द्यायचास. शिऱ्याची वाटी हातात घेऊन एकजण म्हणाले, "तुमच्या त्या मित्राचं ऐकलं. बोलायला किती गोड होता नाही? पण कुणाच्या मनात काय असतं, सांगता येत नाही बुवा." मी म्हणालो, "त्याच्या मनात ठोकळा होता." त्यांना कळलं नाही. मी वाटी खाली ठेवली आणि घरी आलो. रस्ताभर मला त्या तुपाचा वास येत होता.

कालचं राहिलं. भोगाला भांडार अधिकारी आले होते. डोक्याला रुमाल, हात जोडलेले. भाभींपुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बड़ा अफसोस हुआ जी. बहुत बढ़िया माल बनाते थे." मग, "वो जो फिल्म थी, कपाट वाला पैकेट तो लग गया. बाहर का माल अभी कस्टम में है. कुछ और पड़ी हो तो... रेट की चिंता मत करना."

सर्टिफिकेटचं नाव निघालं नाही. मी भाभींकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या रडतील, किंवा त्यांना हाकलतील. त्यांनी दुपट्टा नीट घेतला.

"रेट ओही है, जेहड़ा ओहनां ने दस्सेया सी," त्या म्हणाल्या. "चाह दा कप. पर माल शेड विच है, ते शेड नूं सील है. तुसीं पहलां ठाणे चल के लिख के दयो कि ओह पाउडर की है."

भाव तोच, पण पावडर कशाची ते आधी ठाण्यात चलून लिहून द्या, हे ऐकताच साहेबांनी रुमाल सावरला. "देखते हैं जी," म्हणाले आणि लंगरच्या रांगेकडे गेले.

त्यांचा हिशेब कळायला मला वेळ लागला नाही: माल हवा, सही नको. पण भाभींचं उत्तर ऐकताना मला तू दिसलास, स्कूटर स्टँडवर, किक मारताना. बांगड्या गेलेल्या हातांनीही त्या बाईने तुझा भाव वाढवला नाही. मी ते पत्रक लिहून आणलं असतं तर तिने फाडून टाकलं असतं.

तुझे आभार मानायचे राहिले. आपण कधी मानले नाहीत, शाळेपासूनच. या परक्या शहरात मला पंत म्हणून हाक मारणारं कुणीतरी होतं. आता घरात मुलं मला हिंदीत पप्पा म्हणतात, संस्थेत सगळे लायब्रेरियन साब म्हणतात. ती हाक गेली.

उद्या सकाळी भाभी आणि मी पुन्हा ठाण्यात जाणार आहोत. डॉक्टर वैशाली येतो म्हणाल्या आहेत. पावडर काय आहे ते त्या लिहून देतील, सहीनिशी. चहा आला तर या वेळी मी घेणार नाही.

तू दिलेली पट्टी आत्ताही पुस्तकातून घसरून पायाशी पडली आहे. डॉक्टरांच्या यंत्रावर तुझी चकती आहे, ती अजून फाटलेली नाही. शेडला सील आहे. भट्टीत ठोकळा आहे. तो तडकला की नाही, हे कुणी पाहिलेलं नाही.